एकच माप आणि न्याय

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते, खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने गुणांऐवजी पर्सेंटाइल धरतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातले शंभरातले नव्वद जण बरोबरीला किंवा मागे. कर्माचे फळ कर्त्याचेच, या समजुतीला हे पचायला जड. इथे फळ इतरांच्या कामगिरीवरही ठरते.

पण सर्वांना एकच माप लावले की न्याय झाला का? इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावात मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी आणि पुण्यात दोन वर्षे क्लास केलेला मुलगा एकाच पेपरला बसतात. भौतिक व रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही मिळतात. गणिताचे फक्त इंग्रजीत, आणि गणिताच्याच प्रत्येक प्रश्नाला दोन गुण! दार उघडे ठेवणे पुरेसे नाही, सारखी कुवत व जिद्द असणाऱ्यांना संधीही सारखी हवी, असे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडले. तमिळनाडूने २००६ च्या कायद्याने प्रवेश परीक्षाच काढून बारावीचे गुण धरले. तेही निर्दोष नाही: मंडळे निराळी, तपासनिसांचे हात कुठे सैल, कुठे आखडते. सीईटीत निदान तेवढी तफावत राहत नाही.