त्या वर्षी आम्ही जिंकलो, पण कुणाच्या जिवावर?

माझ्या मोबाइलमध्ये एक जुना फोटो आहे. बारा-तेरा वर्षांची पंधरा मुलं, मध्ये चषक आणि कडेला मी. कोल्हापुरात १४ वर्षांखालच्या मुलांची एक छोटी स्पर्धा होती, ती आम्ही जिंकली होती. पूर्वी हा फोटो मी कौतुकाने दाखवायचो. आता त्यातल्या दोन चेहऱ्यांकडे बघवत नाही.

एक मुलगा सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, ओठांवर मिसरूड फुटू लागलेला. दुसरा अगदी टोकाला, अंगातला टी-शर्ट मांडीपर्यंत लोंबणारा. दोघांच्या वयात जेमतेम पाच महिन्यांचा फरक.

उंच मुलगा आमचा हुकमी एक्का. मोठ्यांच्या मैदानावरचा गोल ८ फूट उंच आणि २४ फूट रुंद असतो. त्याच्यासमोर साडेचार फुटांचा गोलकीपर उभा असेल, तर लांबून उंच चेंडू मारला की काम झालं. बिचाऱ्याचा हात पोहोचतच नाही. आमचे बहुतेक गोल असेच झाले. मी त्याला डावपेच म्हणायचो. खरं तर ती फक्त उंची होती.

छोट्याच्या पायात चेंडू खिळून राहायचा. चार पोरांच्या गराड्यातून तो वाट काढायचा, पण खांद्याचा धक्का बसला की आडवा. अंतिम सामन्यात मी त्याला पूर्ण वेळ बाकावर बसवलं. सामना संपल्यावर त्याचे वडील हळूच म्हणाले, "सर, पाच मिनिटं तरी घ्यायचं होतं की त्याला. पोरगं रात्रभर झोपलं नव्हतं बघा."

मी म्हणालो, "दादा, फायनल होती."

तेव्हा मला हे उत्तर पुरेसं वाटलं होतं.

आपल्याकडे आजोबांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहून टाकली. आपण त्यावर हसतो. पण अचूक जन्मदाखलासुद्धा शरीराचं वय सांगत नाही. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण चौदाच्या आसपास येतो, मुलींचा दोनेक वर्षं आधी. मात्र हे झालं सरासरीचं. एखाद्याचा तो काळ बाराव्या वर्षीच येतो, एखाद्याचा सोळाव्या. म्हणजे एकाच वयोगटात, एकाच मैदानावर, शरीराने तीन-चार वर्षं पुढे-मागे असलेली मुलं एकमेकांना भिडत असतात. आपण निकाल बघतो आणि एकाला गुणी, दुसऱ्याला कच्चा ठरवतो.

छोट्यावर अन्याय झाला, हे तुम्हाला एव्हाना पटलं असेल. मलाही ते लवकर कळलं. कळायला वेळ लागला तो उंच मुलाचं नुकसान.

त्याला मी दोन वर्षांत काय शिकवलं? पळ आणि मार. पास देण्याची, मान वर करून बघण्याची त्याला गरजच पडली नाही, कारण त्याचं अंगच पुरत होतं. त्यात त्याचा गुडघा दुखायला लागला. वाटीच्या खाली, हाडाला टेंगूळ आल्यासारखं. या दुखण्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. वाढीच्या वयात खूप पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये ते बरंच आढळतं, आणि त्यावर मुख्य उपाय म्हणजे खेळ कमी करणं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याला म्हणालो, "नाटकं करू नकोस." तो खेळला.

सोळाव्या वर्षी बाकीच्यांनी त्याला उंचीत गाठलं आणि त्याच्याकडे काहीच उरलं नाही. त्याने फुटबॉल सोडला. छोट्याने तर त्याच्या आधीच सोडला होता.

जगात यावर विचार झालेला आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना पाच-पाच जणांत, छोट्या गोलवर आणि ३ नंबरच्या हलक्या चेंडूने खेळवायचं, मग हळूहळू मैदान आणि संघ मोठा करायचा, ही पद्धत आता बऱ्याच देशांत आहे. इंग्लंडमधल्या काही अकादम्यांनी मुलांचे गट जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार करून पाहिले. तिथे लवकर वाढलेल्या मुलांना पहिल्यांदाच डोकं चालवावं लागलं आणि उशिरा वाढणाऱ्यांना पायात चेंडू मिळाला. नॉर्वेत तर मूल ११ वर्षांचं होण्याआधी गुणतक्ते लावायचेच नाहीत, असा नियम आहे.

हे सांगितलं की पालकांना ग्रिझमनचं उदाहरण आवडतं. फ्रान्समधल्या क्लबांनी अंगकाठी लहान म्हणून त्याला नाकारलं, स्पेनमधल्या रेआल सोसिएदादने घेतलं आणि २०१८मध्ये तो फ्रान्सकडून विश्वविजेता झाला. मीही ही गोष्ट सांगायचो. पण हल्ली मला तीच खटकते. छोटा पुढे ग्रिझमन झाला असता, म्हणून त्याला खेळवायला हवं होतं का? आणि तो होणारच नव्हता, तर बाकावर बसवणं बरोबर होतं?

आपल्या पेठांतली पोरं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा सामना बघत मोठी होतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा प्रत्येक घरात एक स्वप्न शिरलं. स्वप्नाबद्दल तक्रार नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण पुढे दुकान चालवतील, नोकरी करतील, कुणी शेती बघेल. म्हणजे 'खेळाडू घडवणं' एवढाच माझ्या कामाचा अर्थ असेल, तर बहुतेक मुलांच्या बाबतीत ते काम आधीच वाया गेलेलं आहे.

कांट म्हणतो, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. चषकासाठी मी दोन मुलांना वापरलं, हे उघड आहे. पण उद्याच्या खेळाडूसाठी आजचं मूल वापरणं, हाही वापरच नाही का? बारा वर्षं हा अठराव्या वर्षाकडे जाणारा नुसता रस्ता नाही. ते वय एकदाच येतं. त्या वयाच्या शरीराला झेपेल, त्या वयाच्या मनाला आवडेल असा खेळ मिळणं, हे त्या मुलाचं आजचं देणं आहे. ते उद्यावर ढकलून फेडता येत नाही.

यावर लोक म्हणतात, जग असं नसतं सर, हरायची सवय लावा. पटतं मला. हरणं शिकायलाच हवं. पण बाकावर बसून कुणी हरायला शिकत नाही. हरायलासुद्धा आधी मैदानात उतरावं लागतं.

आता माझ्याकडे ४ नंबरचे चेंडू आहेत आणि गोलच्या जागी प्लॅस्टिकचे शंकू. गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला मी सावलीत बसवतो. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. त्यात प्रत्येक मूल निदान अर्धा सामना खेळणार, हे आधीच सांगितल्यावर दोन पालकांनी मुलं दुसरीकडे नेली. त्यांचाही राग येत नाही. फोटोतला मी तेव्हा त्यांच्याच बाजूचा होतो.

उंच मुलगा आता वडिलांच्या दुकानात बसतो. दिसला की हात करतो, "सर, चहा घ्या." त्याने कधी तक्रार केली नाही. त्याला तक्रार करण्यासारखं काही झालं होतं, हेही त्याला माहीत नसावं. मी चहा घेतो. ते सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.