हात कोणाचा?

फ्रागोनार या फ्रेंच चित्रकाराचं नाव निघालं की आधी झोपाळा आठवतो. गुलाबी झग्यातली तरुणी, हवेत उडालेला जोडा, झुडपाआड पडून वर बघणारा प्रियकर. रोकोको शैलीचा सगळा नखरा त्या एका चित्रात आहे. पण त्याच हातानं 1764 च्या सुमारास एक म्हाताराही रंगवला. पुढे झुकलेलं पिकलं डोकं, समोर भलाथोरला उघडा ग्रंथ, आणि तपकिरी-पिवळा उजेड. मूळ चित्र जर्मनीत, हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. वाचणारा तो म्हातारा आपल्याकडे पाहतही नाही. म्हणूनच की काय, आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर त्याला लावावंसं वाटतं.

अशा चित्रांच्या नकला हल्ली घरबसल्या मागवता येतात. माप सांगायचं, पैसे भरायचे, गुंडाळी घरी येते. जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं की हे छापील नाही, शंभर टक्के हातानं रंगवलेलं आहे. आमच्या ओळखीच्या, वर्ध्याच्या एका निवृत्त मास्तरांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, “हातानं काढलं म्हणते, पन कोनाच्या जी?”

मला हा प्रश्न अस्सल-नकलेच्या नेहमीच्या वादापेक्षा मोठा वाटतो. नक्कल करण्यात मुळात पाप नाही. खुद्द फ्रागोनार नकला करतच शिकला. बूशेच्या चित्रशाळेत त्यानं गुरूची चित्रं उतरवली, रेम्ब्रांटची उतरवली, इटलीत गेल्यावर जुन्या थोरांची उतरवली. या म्हाताऱ्यावरचा उजेडही रेम्ब्रांटच्या घरातूनच आलेला दिसतो. आणि गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये याची वाट तर लूव्र संग्रहालयानं कधीच घालून दिली आहे. तिथे बसून नक्कल करायला रीतसर परवाना मिळतो. मात्र नक्कल मूळ चित्राच्या मापाची करायची नाही, मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही, आणि मागे शिक्का मारून घ्यायचा. विकत घेणाऱ्याच्या बाजूनं सचोटीचा प्रश्न तिथे मिटतो.

रंगवणाऱ्याच्या बाजूनं मात्र तो मिटत नाही. फ्रागोनारचा कुंचला भरधाव चाले. 1769 सालच्या त्याच्या एका व्यक्तिचित्राच्या पाठीवर जुनी नोंद आहे की हे एका तासात रंगवलं. ज्या फटकाऱ्याला त्याला निमिषभर लागलं, तोच फटकारा उतरवणारा मात्र जपून, मोजूनमापून ओढतो आणि वर तो सहज आल्यासारखा दिसला पाहिजे. वेगाचं सोंग सावकाश वठवायचं, हे काम सोपं नाही. चीनमधल्या शेन्झेन शहरात दाफेन नावाचं गाव आहे; 1989 पासून तिथे नकलांचा मोठा धंदा उभा राहिला. तिथले लोक व्हॅन गॉगची तीच ती सूर्यफुलं पुन्हा पुन्हा रंगवतात. ‘हातानं रंगवलेलं’ या गुणाचे पैसे आपण मोजतो, पण तो हात ज्याचा, त्याचं नाव त्या चित्रावर शोधून सापडत नाही.

हे लांबचं वाटत असेल तर अजिंठ्याला चला. मेजर रॉबर्ट गिलनं 1844 पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग 1872 ते 1885 या काळात जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत राबले. त्याही कामातला बराच भाग 1885 मध्ये लंडनलाच जळाला. पुढे निघालेल्या भव्य ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचं. विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे चित्रकार म्हणून गाजले. बाकीचे कोण, हे चित्रकलेच्या अभ्यासकांना विचारावं लागतं. शिवाय रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ भिंतींना वॉर्निश फासलं गेलं, ते काळाबरोबर पिवळं पडलं आणि चित्रांचंच नुकसान झालं. प्रेमानं केलेली नक्कलही निरुपद्रवी असतेच असं नाही.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे. वर्ध्याच्या माणसानं तो विचारावा यात मला नवल वाटलं नाही, कारण या गावात तो एकदा फार गंभीरपणे विचारला गेला आहे. 1935 साली गांधीजी इथल्या मगनवाडीत राहत होते. खादी हातची म्हणून लोक अभिमानानं घेत, पण सूत कातणाऱ्या बाईच्या पदरात दिवसाकाठी पडत काय, तर अगदीच किरकोळ आणे. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत, असं गांधीजी म्हणू लागले. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, ही कार्यकर्त्यांची धास्ती अगदी खरी होती; भांडार चालवणाऱ्याला ती असणारच. त्याच वर्षी खादीचं काम चालवणाऱ्या चरखा संघानं निर्वाहापुरत्या मजुरीचं तत्त्व स्वीकारलं. आठ आण्यांचा आकडा काही लगेच गाठता आला नाही, पण दर वाढवले गेले, आणि त्यासाठी कापड महाग झालं तरी चालेल असं ठरलं.

त्या हिशेबानं पाहिलं तर स्वस्तातला ‘हातानं रंगवलेला’ म्हातारा मला नको वाटतो. त्यापेक्षा छापील चित्र बरं. निदान ते कोणाच्या हाताचा दाखला देत नाही. नक्कलच हवी असेल तर ती वर्ध्यातल्या नाहीतर नागपुरातल्या एखाद्या होतकरू चित्रकाराकडून करून घ्यावी, त्याला लागतील तितके दिवस द्यावेत, त्या दिवसांची मजुरी त्यालाच विचारून ठरवावी, आणि कॅनव्हासच्या मागे फ्रागोनारच्या खाली त्याचंही नाव घालावं. वाचनालयाच्या तुटपुंज्या वर्गणीत हे बसणार नाही, असं कोणी म्हणेल. त्याचं म्हणणं खोटं नाही. मग म्हातारा यायला एखाद-दोन वर्षं लागतील, एवढंच.