कान कुणासाठी?

बमरोलीत यंत्रमागांच्या खडखडाटापुढे दोन धड कानांनाही शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. तरी तिथल्या आपल्या खानदेशी घरांत लेकरू एका बाजूला कानाऐवजी नुसती गाठ घेऊन जन्मले, की पहिली कुजबुज होते: सोनार टोचणार काय?

असा कान घडवता येतो. बरगडीची कूर्चा काढून, कोरून, कातडीखाली बसवतात. अमेरिकेतल्या टँझर यांनी १९५९ साली ही रीत मांडली. छातीत पुरेशी कूर्चा व्हायला मूल ६ ते १० वर्षांचे व्हावे लागते. मात्र त्याने ऐकू येत नाही. छातीवर कायमचा वण घ्यायचा तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. (चष्म्याची दांडी टेकते, तेवढा फायदा खरा!)

अंगचेच घेऊन अवयव घडवणे आपल्याला नवे नाही. पुण्यात कावसजी गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा उभे केले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते छापून आले. पण कावसजी जाणता होता. लेकराचे आपण ठरवतो, आणि ‘पुढे लग्नाचे काय’ ही धास्ती आपली असते, त्याची नव्हे. म्हणून मला ते सक्तीचे थांबणे बरे वाटते. तोवर त्यालाच विचारता येते. ‘मला वेणी वर बांधायचीय,’ एवढेच लेक म्हणाली, तरी ते कारण मी पुरेसे मानीन.