जुनी गाडी, नवा चिमटा

जुन्या वस्तूवर माणसाचे प्रेम असते हे खरे. पण ते वस्तूच्या नेमक्या कोणत्या भागावर असते, असे विचारले तर तो गडबडून जातो. आजीच्या जात्याचा खुंटा तीनदा बदललेला असतो, टाकी लावून लावून दगड पातळ झालेला असतो, तरी दिवाळीच्या आवराआवरीत ते जाते कोणी बाहेर काढू लागले, की घरातले एखादे माणूस म्हणतेच, "राहू द्या, आजीचे आहे ते." यात काही चुकते असे नाही. मात्र जाते एका जागी बसून असते. ज्या जुन्या वस्तूवर बसून माणसे रस्त्याने धावतात, तिच्या बाबतीत हाच प्रश्न जरा कठीण होतो.

मोटारसायकलीचेच घ्या. तिच्या मागल्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा जो दुबोटी लोखंडी भाग असतो, त्याला इंग्रजीत स्विंगआर्म म्हणतात. आमचे मिस्त्री त्याला सरळ 'चिमटा' म्हणतात. नाव मोठे समर्पक आहे. चिमट्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे चेसिसमध्ये, आडव्या दांड्यावर अडकवलेले असते. दुसऱ्या टोकाच्या दोन बोटांत चाकाचा आस. चाक खड्ड्यातून उसळले की चिमटा त्या दांड्याभोवती झुलतो, वरचे शॉकअप दणका गिळतात आणि बसणाऱ्याचा पाठीचा कणा वाचतो.

आमच्या माहितीच्या एका घरात वडिलांच्या माघारी जुनी बुलेट राहिली. चिमट्याला जोडापाशी चीर गेलेली. ती पूर्वी दोनदा वेल्डिंगने सांधलेली. थोरल्या मुलाचे म्हणणे, तिसऱ्यांदा सांधा, पण वडिलांची गाडी अस्सल राहू द्या. धाकट्याचे म्हणणे, नव्या गाडीचा मजबूत चिमटा बसवा. माझी बायको आणि मुलगी या गाडीवर मागे बसतात. दोघेही वडिलांवर प्रेम करणारेच. वाद चिमट्याचा होता आणि चिमट्याचा नव्हताही. वडिलांचे ते काय, आणि ते जपायचे म्हणजे काय करायचे, हा तो वाद होता.

मौज अशी की, ज्या चिमट्याला 'अस्सल' म्हणून आपण कवटाळतो, तोही एके काळी नवाच होता. बुलेट हे नाव १९३२ सालचे. त्या काळच्या बुलेटचे मागचे चाक चेसिसला घट्ट जखडलेले असे. १९४८ साली इंग्लंडातल्या एका चाचणी-स्पर्धेत झुलत्या चिमट्याची बुलेट उतरली आणि पुढे ती बाजारात आली. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया निघाली. विलायतेतले काम १९७० साली थांबले, तरी गाडी इकडे चालूच राहिली. देश बदलला, कारागीर बदलले, नाव तेच! तेव्हा अस्सलपणाची रेघ नेमकी कोणत्या सालावर ओढायची?

हा प्रश्न काही आजचा नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरते ते एवढेच, की या साऱ्या अवयवांच्या जुळणीला व्यवहारात 'रथ' हे नाव आहे. ग्रीक लेखक प्लूटार्क याने थीसियसच्या नौकेची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ती जपून ठेवली. कुजलेली फळी काढीत आणि तिच्या जागी नवी, अधिक भक्कम फळी घालीत. नौका तीच की दुसरी, यावर तत्त्ववेत्ते भांडत राहिले. पुढे सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली, की काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी पुन्हा नौका बांधली, तर खरी कोणती?

या प्रश्नांची गोडी मला नाकारायची नाही. परंतु थोर माणसांच्या या चर्चेत एक गोष्ट सुटून जाते असे मला वाटते. जपून ठेवलेल्या नौकेतून समुद्र ओलांडणाऱ्याचा विचार या चर्चेत नव्हता. म्हणून 'तीच की दुसरी' एवढाच प्रश्न उरला. जिच्यावर भार पडायचा आहे त्या वस्तूच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. नव्या फळीमुळे शेजारच्या जुन्या फळीचे काय होते?

मिस्त्री हा प्रश्न रोज सोडवीत असतो. त्या दोघा भावांच्या मिस्त्रीने नवा चिमटा आणल्याबरोबर बसवला नाही. आधी त्याने दांड्याची जाडी आणि चेसिसमधली रुंदी मापली. नवे भोक मोठे होते. मग लेथवर गनमेटलचे बुश कातून घेतले आणि बाजूची फट वायसर घालून भरली. पुढच्या-मागच्या चाकांना दोरी लावून ती एका रेषेत आहेत का, हे पाहिले. चेन दोन्ही स्प्रॉकेटांवर सरळ धावते का, शॉकअप तिरके ओढले जात नाहीत ना, ब्रेकची सळई पुरते का, हेही पाहिले. शिवाय चेसिसचे ते कान, ज्यांत दांडा बसतो, घासून स्वच्छ केले आणि कुठे चीर नाही ना याची खात्री केली. का? तर जुना चिमटा थोडा लवत असे आणि काही ताण स्वतःच सोशीत असे. नवा ताठ, तो लवणार कमी आणि आलेला जोर जुन्या चेसिसकडे पोचवणार जास्त. घरात एक माणूस फार ताठ आले की ताण कोणाकडे जातो, हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

धाकट्याने विचारले, "चेसिसच थोडी कापली तर काम लवकर होईल ना?" मिस्त्री म्हणाला, "दादा, चिमटा चुकला तर दुसरा आणता येईल. चेसिस कापली की परत येत नाही." कायद्याच्या दृष्टीनेही गाडीची ओळख चेसिस आणि इंजिन यांच्या क्रमांकांत असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, तेही उगीच नव्हे. आपल्या मालकीच्या गाडीवर आपला हक्क असतो. पण ती ज्या रस्त्याने जाते तो सर्वांचा असतो.

यावरून मला असे वाटते, की जुन्याला नवे जोडणाऱ्यावर तीन ऋणे असतात. पहिले जुन्याचे. त्याला पेलेल तेवढाच भार द्यावा, आणि जे पुन्हा पूर्ववत करता येणार नाही ते करण्याआधी दहादा थांबावे. दुसरे नव्याचे. जुने कापायचे नाही म्हणून नव्यालाच कापीत सुटायचे, आणि कापून कापून ते दुबळे झाल्यावर मोडले, की 'नवे ते असेच' म्हणून मोकळे व्हायचे, ही रीत आपल्या घरांत नव्या सुनांनी पुष्कळ सोसली आहे. तिसरे ऋण तिऱ्हाइताचे. मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलीने चिमटा पाहिलेला नसतो. उद्या गाडी विकत घेणाऱ्यालाही तो माहीत नसतो. त्याला आपणहून सांगितले पाहिजे. जुन्याचा मान राखावा, पण त्याचा खर्च जो विचारात घेतलाच गेला नाही त्याच्या हाडांनी भरू नये.

म्हणून त्या वादात मी धाकट्याच्या बाजूचा. पण थोरल्याला मी हरलेला मानीत नाही. चेसिस कापली गेली नाही ती त्याच्याच हट्टाने. तडकलेला चिमटा त्याने गॅरेजमधून घरी आणला, पुसला आणि माळ्यावर ठेवला. हॉब्जच्या शंकेला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. एक वस्तू चालण्यासाठी असते आणि एक आठवणीसाठी. दोन्ही कामे एकाच लोखंडाकडून करून घ्यावीत असे कोठे आहे?

राहता राहिले ते बुश. सगळ्या जुळणीत त्याचे नाव कोणी घेत नाही. ते जुन्याचे नव्हे आणि नव्याचेही नव्हे. दोघांच्या मध्ये बसते, मऊ असते आणि स्वतः झिजून दोघांना झिजू देत नाही. घरोघर असे एक माणूस असते. बहुधा ती आई असते. मिस्त्री निदान बुशला ग्रीस देतो, त्याला खुळखुळ ऐकू आली की उघडून पाहतो आणि झिजले असेल तर बदलतो. माणूस काही बदलता येत नाही. यंदा फराळाची ताटे मांडताना घरातले ते माणूस कोण, एवढे तरी ओळखून ठेवावे आणि त्याच्या हातचे थोडे काम आपल्याकडे घ्यावे.