अर्थ सांगा, गुरुजी

शिक्षकाने स्वतःला न समजलेल्या गोष्टीचा अर्थ सांगू नये, हे सगळेच मान्य करतील. पण ज्या गोष्टीला अर्थच नाही तिचा अर्थ सांगणे, हे पाप म्हणावे की नाही? हा प्रश्न मला पडला तो उशिरा; ते पाप माझ्या हातून घडून गेल्यावर.

तिसरीचा वर्ग होता. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’मधल्या कविता मी वाचून दाखवीत होतो. त्या उफराट्या देशात मुले अशी रमली की, तास संपल्याची घंटाही कोणी ऐकली नाही. तेथेच थांबलो असतो तर! पण मास्तरकीची खोड. मी फळ्यावर ‘बोध’ असा शब्द लिहिला आणि उलटे वागणाऱ्यांचे कसे हाल होतात, अशा आशयाचे एक वाक्य त्याखाली लिहून दिले. मुलांनी ते निमूटपणे उतरवून घेतले. चाचणीत सगळ्यांनी तेच वाक्य लिहिले आणि मी पैकीच्या पैकी गुण दिले. एका मुलाने मात्र आपली वही परत घेताना हळूच विचारले, “गुरुजी, हे कवितेत कुठं लिहिलंय?”

“मोठा झालास की कळेल,” मी म्हणालो. मी मोठाच होतो. मला तरी कुठे कळले होते?

पुढे लुइस कॅरलचे ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ हे १८७१ सालचे पुस्तक पुन्हा हाती घेतले. त्यात अ‍ॅलिसला ‘जॅबरवॉकी’ ही उलट्या अक्षरांत छापलेली कविता सापडते. ती आरशात धरून वाचावी लागते आणि तिच्यातले कितीतरी शब्द कॅरलने स्वतः घडविलेले आहेत. ती वाचून अ‍ॅलिस कबूल करते की, डोक्यात बरेच काही भरून राहिले, पण काय ते सांगता येत नाही. कोणीतरी कशाला तरी मारले, एवढे मात्र नक्की. पुढे हम्प्टी डम्प्टी नावाचे ते अंड्यासारखे गृहस्थ भेटतात आणि पहिल्या कडव्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ मोठ्या ऐटीत सांगतात. मला त्या पानात माझाच चेहरा दिसला.

पण अ‍ॅलिसला ‘एवढे तरी’ कसे कळले? दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिले : ‘टिंगाने मुरप्याला झिमकवले.’ कोणी झिमकवले? “टिंगानं!” कोणाला? “मुरप्याला!” विभक्तीचे नावही न ऐकलेल्या मुलांना ‘ने’ आणि ‘ला’ यांचे काम चोख ठाऊक होते. मग मी विचारले, झिमकवणे म्हणजे काय? क्षणभर शांतता, आणि मग हशा. रोज पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देणारी एक मुलगी त्या दिवशी प्रत्येक अक्षरापाशी थांबून वाचीत होती, कारण अंदाज करायला जागाच नव्हती. इंग्लंडात २०१२ पासून पहिलीच्या मुलांची जी वाचनचाचणी घेतात, तिच्या ४० शब्दांतले २० शब्द मुद्दाम बनावट असतात, ते याचसाठी.

माझे एक सहकारी म्हणाले, “ज्याला चौथीनंतर कामाला जायचंय, त्याला अर्ज लिहायला शिकवा. ही चैन कशाला?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अर्ज लिहिता आलाच पाहिजे. पण ज्याला लवकर कामाला जावे लागते, त्याच्याच पुढे कागद ठेवून ‘येथे सही कर’ असे म्हटले जाते. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, शब्द भारदस्त आहेत, म्हणून त्यात अर्थ असेलच असे नाही, हे ज्याला लहानपणी हसतहसत कळले आहे, तोच त्या कागदापाशी थांबून “म्हणजे काय?” असे विचारील.

सुकुमार राय यांचा ‘आबोल ताबोल’ १९२३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका कवितेतल्या देशात घसरून पडणाऱ्यालाही शिपाई धरतो आणि एकवीस रुपये दंड होतो. ती वाचून हसलेले मूल उद्या खऱ्या कायद्याकडेही जरा निरखून पाहील. निरर्थ कविता लिहिणारा कोणाला फसवीत नाही. आपण अर्थाचा नुसता अंगरखा घातला आहे, हे तो उघडच सांगतो. फसवितो तो अंगरख्याच्या आत माणूस असल्याची ग्वाही देणारा. त्या दिवशी वर्गात ती ग्वाही मी दिली होती. आणि ज्याने नेमका हवा तो प्रश्न विचारला, त्यालाच गप्प केले होते.

आता कोणी “अर्थ सांगा, गुरुजी” म्हणाले की, मी म्हणतो, “मलाही ठाऊक नाही. पुन्हा वाचू या.” पहिल्यांदा मुले चपापतात. मग माझ्याइतक्याच हक्काने ती पुस्तकात डोके घालतात.

त्या मुलाला मात्र हे उत्तर कधीच मिळाले नाही. त्याच्या वहीत माझे वाक्य आहे, आणि त्याखाली मी दिलेले पैकीच्या पैकी गुण.