काय दिवे लावणार?

डिसेंबर 2023. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत, कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील सारथीच्या पीएचडी फेलोशिपबद्दल बोलत होते. फेलोशिपची संख्या 200वर आणली आहे, ती वाढवा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले, 'पीएचडी करून काय दिवे लावणार?' संध्याकाळपर्यंत ती क्लिप आमच्या मलकापूरच्या सगळ्या ग्रुप्सवर फिरत होती. (मलकापूर म्हणजे बुलढाण्यातलं नव्हे, कराडजवळचंही नव्हे. शाहूवाडी तालुक्यातलं, आंबा घाटाच्या अलीकडचं.) मीम्स झाले, निषेध झाले, मग दुसरी क्लिप आली.

वाक्याचा मलाही राग आला. पण त्यातला प्रश्न टाकाऊ आहे असं मला वाटत नाही. पैसा लोकांचा आहे. शेतात राबणाऱ्या माझ्या चुलत्यांनी विचारलं की बाबा, आमच्या पैशातून तिथे काय चाललंय, तर 'तुम्हाला कळायचं नाही' हे उत्तर उद्धट आहे. आणि संशोधनाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ लोक हेच उत्तर जरा गोड शब्दांत देतात.

उरलेले लोक दुसरं उत्तर देतात: उपयोग होतो, फक्त उशिरा होतो. त्यासाठी आमच्याकडे उसासारखं उदाहरण नाही. आमच्या भागात 86032 हा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पूर्ण नाव को 86032. 'को' म्हणजे कोइमतूर, जिथे 1912 पासून ऊस पैदास संस्था आहे. 86 हे साल, पुढचा अनुक्रमांक. महाराष्ट्रात ही जात 'नीरा' नावाने आली, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून. तिची आई को 62198. म्हणजे आईचा नंबर 1962 सालचा. त्या साली ज्यांनी कर भरला, त्यातल्या कुणालाही त्या रोपातून पुढे काय निघणार आहे हे माहीत नव्हतं. ज्यांनी नंबर दिला त्यांनाही नव्हतं.

उदाहरण खरं आहे, आणि भाषणात टाळ्या घेतं. पण ते धोक्याचंही आहे, कारण त्यात एक वचन लपलेलं असतं: आज द्या, उद्या उगवेल. ऊस पैदास करणाऱ्यांना विचारा. एका जातीमागे हजारो रोपं लावून, मोजून, बाजूला टाकलेली असतात. टिकलेल्या एकीकडे बोट दाखवून सगळ्या खर्चाचं समर्थन करणं म्हणजे लॉटरी लागलेल्याचा फोटो दुकानावर लावण्यासारखं आहे.

आणि काही संशोधनाचं तर असं समर्थनही करता येत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016ची, पूर्ण मंजुरी एप्रिल 2023ची, खर्च 2600 कोटी. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, हे तिथे कळेल. हिंगोलीतल्या ज्या माणसाला उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, त्याला याचा काय फायदा? लेसर आणि अचूक यंत्रांमुळे होणाऱ्या जोडफायद्यांची यादी त्याच्यासमोर वाचता येते, पण मला ती पळवाट वाटते. प्रामाणिक उत्तर असं की फायदा बहुधा नाही. माणसं विश्वाबद्दल जाणून घेतात, त्यात तुझाही वाटा आहे, आणि तुझ्या वाट्याला आलेली वर्गणी 19 रुपयांच्या आत आहे. एका वडापावची. पाण्याचा प्रश्न या वडापावमुळे अडलेला नाही.

मग त्या वर्गणीच्या बदल्यात त्याला काय मागता येतं? माझ्या मते निकाल मागता येत नाही, हिशेब मागता येतो. पैसे कशावर गेले, कोणता प्रश्न घेतला होता, तो सुटला की फसला, फसला तर काय शिकलो. एवढं मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे आणि ते त्याच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे नवं फीचर आधी थोड्या युजर्सना देऊन बघतात. बऱ्याचदा आकडे हलत नाहीत आणि ते काढून टाकलं जातं. त्या आठवड्यांचा माझा पगार कापला जात नाही. फसण्याची किंमत कंपनीने आधीच धरलेली असते, आणि ती कंपनी सोसते. विज्ञानाचंही असंच असायला हवं. 140 कोटी लोकांनी मिळून लावलेला डाव फसला, तर माणशी काही रुपयांचा तोटा. कुणाला कळणारही नाही.

प्रत्यक्षात तो तोटा एकाच माणसाच्या डोक्यावर बसतो. माझा शाळेतला एक मित्र रसायनशास्त्रात पीएचडी करतो. त्याची फेलोशिप महिनोन्‌महिने येत नाही, मग एकदम येते. मधल्या काळात तो दिवसा प्रयोग आणि संध्याकाळी अकरावी-बारावीचे क्लास घेतो. त्याच्याच लॅबमधल्या एका मुलाचे वडील मोठ्या पदावर आहेत. तो थांबू शकतो. दोघांची हुशारी सारखी असेल असं धरलं, तरी पाच वर्षांनी कोण टिकलेला असेल ते सांगायला ज्योतिषी नको. वाट बघणं हीही एक ऐपत असते.

हा एकट्याचा किस्सा नाही. 2024-25मध्ये देशभरातल्या इन्स्पायर फेलोंचे पैसे कित्येक महिने अडकले होते आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांनाही ते मान्य करावं लागलं. गोष्ट जुनीही आहे. बाबासाहेब आंबेडकर 1913मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिथला त्यांचा पीएचडीचा विषय ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेचा, म्हणजे सरकारी पैसा वर आणि खाली कसा वाटला जातो याचा. 1917मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला 1920 उजाडलं. स्वतःची बचत, मित्राचं कर्ज आणि आमच्या शाहू महाराजांची मदत, असं जमवून. हे उदाहरण मी 'बघा, पुढे केवढे झाले' यासाठी देत नाही. ते आंबेडकर झाले नसते, तरी ती तीन वर्षं वाया घालवणं चूकच होतं.

ऊसवाल्यांकडे या बाबतीत एक चांगली गोष्ट आहे. 1966च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल द्यावं लागतं, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. नियम पाळला जातो असं नाही. पण तो आहे म्हणून कारखान्याच्या दारात बसता येतं, आणि आमच्या जिल्ह्यातले लोक बसतात. साखरेला दर मिळाला का, यावर शेतकऱ्याचं बिल अवलंबून ठेवायचं नाही, एवढी अक्कल त्या आदेशात आहे. फेलोशिपला 14 दिवस नाहीत, व्याजही नाही.

उलट्या दिशेने मात्र नियम भरपूर. संशोधनाला सरकारी पैसे मिळाले की 'उपयोगिता प्रमाणपत्र' द्यावं लागतं. नाव ऐकून वाटतं, संशोधनाचा उपयोग काय झाला ते लिहायचं असेल. तसं नसतं. पैसे ज्या कामासाठी दिले त्याच कामावर खर्च झाले, एवढंच त्यात असतं. म्हणजे सरकारी कागदाला निकाल आणि हिशेब यांतला फरक बरोबर कळलेला आहे. अडचण एवढीच की हा कागद खालून वर जातो. वरून खाली येणारं असं काही प्रमाणपत्र नाही, की जाहीर केलेले पैसे दिले आणि वेळेवर दिले.

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं बघा. 2023मध्ये कायदा झाला, पाच वर्षांत 50,000 कोटी, अशी बातमी आली. त्यातले 36,000 कोटी उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे, हे बातमीच्या खालच्या परिच्छेदात होतं. 2023-24च्या अर्थसंकल्पात 2000 कोटी ठेवले. सुधारित अंदाजात ते सुमारे 258 कोटी झाले. कायदाच ऑगस्टमध्ये झाला, त्यामुळे पहिलं वर्ष सोडून देऊ. 2024-25मध्ये पुन्हा 2000 ठेवले आणि सुधारित आकडा आला 200. तिथे 'काय दिवे लावले' असं कुणी विचारलं नाही. त्या आकड्याचं मीम करणं अवघडच आहे म्हणा.

संपूर्ण देशाचा संशोधनावरचा खर्च, सरकारी आणि खासगी मिळून, जीडीपीच्या 0.64 टक्के आहे. माणशी वर्षाला नऊशे रुपयांच्या आसपास. तुमच्या मोबाइलचे तीन रिचार्ज. हा आकडा 2020-21चा, आणि तो छापून आला 2023मध्ये. सर्व्हर बंद पडल्याचा अलर्ट दोन वर्षांनी येत असेल, तर आमच्या टीममध्ये त्याला मॉनिटरिंग म्हणणार नाहीत.

वार्षिक आकडे त्यामानाने लवकर मिळतात. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची पीडीएफ येते. फोनवर उघडते, झूम करावी लागते. डावीकडे दोन वर्षांपूर्वी खरोखर झालेला खर्च, मग गेल्या वर्षी ठरवलेला, मग गेल्या वर्षीचा सुधारित, आणि अगदी उजवीकडे येत्या वर्षीचा. टीव्हीवर सांगतात तो फक्त शेवटचा. मित्राची फेलोशिप अडकते ती मधल्या दोन रकान्यांच्या मध्ये कुठेतरी.