वैमानिकाची झोंप

झोंप ही मनुष्याची अत्यंत खासगी वस्तु आहे. पैसा उसना घेतां येतो, बुद्धि भाड्यानें मिळते, दुसऱ्याचें बळ मजुरी देऊन वापरतां येतें. झोंप मात्र ज्याची त्यानेंच घ्यावी लागते. धनी नोकराला जागा ठेवूं शकतो, परंतु त्याच्याबद्दल निजूं शकत नाहीं. म्हणूनच दुसऱ्यानें किती निजावें याची चवकशी करणें आपल्याकडे असभ्यपणाचें मानलें जातें. पण कांहीं धंदे असे आहेत कीं, तेथें ही खासगी वस्तु सार्वजनिक होऊन बसते. आगगाडी हांकणारा, शस्त्रक्रिया करणारा आणि विमान चालविणारा यांचा काल रात्रीं डोळा लागला होता कीं नाहीं, या प्रश्नांत कित्येक अनोळखी माणसांचा जीव गुंतलेला असतो. हीं अनोळखी माणसें त्या झोंपेबद्दल कांहीं देणें लागतात काय, आणि लागत असल्यास तें त्यांनीं कोणत्या नाण्यांत फेडावें, याचा विचार आम्हांला येथें करावयाचा आहे.

रायगडच्या किनाऱ्यावरील माणसाला हा विचार आतां परका राहिलेला नाहीं. पनवेल तालुक्यांत, नदीचा प्रवाह वळवून आणि उलव्याचा डोंगर कापून, ११६० हेक्टर जमिनीवर जो विमानतळ उभा राहिला, त्याचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व २५ डिसेंबरला तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. दहा गांवांनीं आपलीं घरें आणि देवळें त्यासाठीं सोडलीं. ज्या खाडीकांठीं आगरी-कोळ्यांनीं पिढ्यान् पिढ्या भातखाचरें आणि मिठागरें राखलीं, तेथें पहिल्याच टप्प्यांत वर्षाला दोन कोटि प्रवाशांची सोय योजलेली आहे. पेण, उरण, अलिबाग येथील मध्यम स्थितीच्या कुटुंबांतही मुलगा बंगलोरला नोकरीस असणें आणि त्यानें गणपतीला विमानानें येणें यांत आतां कोणाला नवल वाटत नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्या विमानांत जोखीम होती ती चालविणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाची. आजचा वैमानिक शेंदीडशें लोकांची जोखीम घेऊन वर चढतो, आणि ते लोक त्याचें तोंडही पाहत नाहींत.

पनवेलहून पहिलें विमान उडण्याच्या सुमारें तीन आठवडे आधीं देशभर जो गोंधळ माजला, तो वाचकांच्या स्मरणांत असेल. वैमानिकांच्या कामाचे व विश्रांतीचे तास ठरविणारे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येंच जाहीर झाले होते. ते लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटना दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेल्या. शेवटीं १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांनीं ते अमलांत आले. आठवड्याची सलग विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्र म्हणजे मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंतचा काळ असें ठरलें, आणि रात्रींच्या कामांत विमान उतरविण्याची मर्यादा सहांवरून दोनांवर आली. देशांतील निम्म्याहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या इंडिगो कंपनीपाशीं या नियमांना पुरे पडतील इतके वैमानिक नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत तिचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं. ५ डिसेंबर या एका दिवशीं हजाराहून अधिक. लोक आपल्या सामानावर डोकीं टेकून विमानतळांवर निजले, लग्नें आणि परीक्षा चुकल्या, इतर कंपन्यांचीं भाडीं इतकीं भडकलीं कीं सरकारला त्यांवर मर्यादा घालावी लागली. आणि त्याच ५ डिसेंबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें साप्ताहिक विश्रांतीच्या जागीं रजा धरूं नये हा दंडक मागें घेतला व त्या कंपनीला रात्रींच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. वैमानिकांच्या संघटनांनीं हरकत घेतली, पण त्या गलबल्यांत ती कोणाच्या कानीं जाणार?

याच वर्षीं १२ जूनला अहमदाबादेस एअर इंडियाचें विमान उडतांच कोसळलें, विमानांतील आणि जमिनीवरील मिळून २६० माणसें गेलीं, आणि रायगडच्या किनाऱ्यावरील घरांतही त्या दिवशीं आकांत झाला. त्या अपघाताचा थकव्याशीं संबंध होता असें आम्हांला मुळींच सुचवावयाचें नाहीं. आम्ही सांगतों तें लोकमानसाविषयीं. जूनमध्यें सुरक्षिततेपुढें दुसरें कांहींही नको अशी सर्वांची एकमुखी मागणी होती. पुरते सहा महिनेही लोटले नाहींत तोंच तेच लोक, तितक्याच कळकळीनें, सुरक्षिततेचा नियम थोडा बाजूस ठेवा असें म्हणूं लागले. दोन्ही वेळीं ते प्रामाणिक होते, ही यांतली विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

नाताळच्या सुटींत एका सुशिक्षित गृहस्थांनीं आम्हांला विचारलें, "अहो, या वैमानिकांना लाखों रुपये पगार! चार रात्री अधिक जागले असते तर काय आकाश कोसळणार होतें?" गृहस्थ निष्ठुर नव्हेत, त्यांची लेक त्या दिवसांत परगांवीं अडकली होती. परंतु त्यांच्या प्रश्नांत एक समजूत दडलेली आहे: झोंप हें एक सुख आहे, आणि कोणतेंही सुख पगारानें भरून निघतें.

याचें उत्तर आम्ही देण्यापेक्षां मंगळूरच्या अपघातानें दिलेलें अधिक बरें. २२ मे २०१० रोजीं सकाळीं दुबईहून आलेलें एअर इंडिया एक्स्प्रेसचें विमान तेथील डोंगरमाथ्यावरच्या धांवपट्टीवर उतरतांना पुढें निसटलें व दरींत जाऊन पेटलें. १६६ माणसांपैकीं १५८ मेलीं. चौकशी झाली ती हवाई दलाचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालीं. विमानांतील ध्वनिमुद्रणयंत्र उघडून ऐकलें तेव्हां त्यांत घोरण्याचा आवाज निघाला. मुख्य वैमानिक वाटेंत सुमारें एक तास चाळीस मिनिटें निजला होता. तो जागा झाला तेव्हां उतरण्याची वेळ आली होती. विमान पाहिजे त्याहून फार उंच होतें. सहवैमानिकानें पुन्हां वर घेण्याविषयीं तीनदां सांगितलें. तरीही त्यानें विमान खालीं टेकविलें. गाढ झोंपेतून उठलेल्या मनावर कांहीं काळ जी जडता असते, तिच्या अमलाखालीं त्याचा निर्णय बिघडला असावा, असें चौकशींत दिसून आलें. हा माणूस नवशिका नव्हता. त्याच्या गांठीं दहा हजार तासांहून अधिक उड्डाण होतें.

थकव्याची मौज, किंवा भीषणता म्हणा, ती येथेंच आहे. भूक लागली म्हणजे माणसाला ती कळते. पाय मोडला तर तो ओरडतो. थकव्याचें तसें नाहीं. ज्या बुद्धीनें आपण थकलों आहों हें ओळखावयाचें, तीच बुद्धि थकव्यानें आधीं मंदावते. सतरा तास सलग जागलेल्या माणसाची तत्परता मद्य घेतलेल्या माणसाइतकी ढिली होते, असें प्रयोगांनीं १९९७ सालींच दाखविलें आहे. आणि मद्यप्याप्रमाणें हाही "मी अगदीं ठीक आहें" असेंच सांगतो. फरक इतकाच कीं, मद्यप्याच्या तोंडाला वास येतो. पहांटे दोन ते सहा या वेळांत शरीर आपल्या धर्मानेंच सुस्तावतें. तेथें निश्चय, कर्तव्यबुद्धि आणि कडक कॉफी यांचा अंमल थोडाच वेळ टिकतो. म्हणून "थकलास तर सांग" हा नियम अपुरा आहे. नियम असा हवा कीं, त्यानें सांगण्याची वाट न पाहतां त्याला निजावयास पाठवावें. सगळ्या देशांनीं तास मोजण्याची जी पद्धत धरली आहे, तिचें मूळ वैमानिकांच्या ऐषारामांत नसून शरीराच्या या अडचणींत आहे.

पण मग लोकांना हें पटत कां नाहीं? आमच्या मतें त्याचें कारण संकटाच्या अदृश्यपणांत आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसकडे निघाली. दिवस आषाढी अमावास्येच्या सुमाराचे, गांवाकडे जाणाऱ्यांची दाटी, वर पाऊस. वाटेंत वाऱ्यालाटांच्या तडाख्यांत ती कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें; मुंबईला बातमी लागावयास दुपार उजाडली. किनाऱ्याच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या घालून सांपडतील तितके जीव वांचविले. त्याआधीं वीस वर्षें, ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशीं गेल्या होत्या. कोंकणांतील जुन्या घरांतून या तिन्ही नांवांचा उच्चार अजून आवाज खालीं आणून केला जातो. या आठवणीचा परिणाम असा कीं, समुद्राच्या बाबतींत आमचा किनारा शहाणा आहे. गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या साध्या लाँची पावसाळ्यांत बंद राहतात. अलिबागचा माणूस पेणवरून वळसा घालून मुंबई गांठतो, कुरकुर करतो, पण लाँच सोडा म्हणून खिडकीवर मुठी आपटीत नाहीं. कारण लाट त्याला दिसते. वैमानिकाच्या डोळ्यांवरची पेंग त्याला दिसत नाहीं. दिसतो तो फलकावरचा 'रद्द' हा शब्द. डोळ्यांना दिसणारी गैरसोय आणि न दिसणारें मरण यांत निवड करावयाची झाली म्हणजे भलेभले फसतात.

कोळ्यांचीच आणखी एक रीत येथें आठवते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावांचून होडी लोटावयाची नाहीं. सरकारनें यांत्रिक होड्यांसाठीं १ जून ते ३१ जुलै अशी बंदी घातली ती अलीकडची, रीत जुनी. तिचें सामर्थ्य भक्तींत आहे तितकेंच एका व्यवहारी गोष्टींत आहे: ती सर्वांना सारखी लागू होते. माझी होडी शाकारलेली असतांना शेजाऱ्याचीही शाकारलेलीच असते, म्हणून थांबण्यानें माझें नुकसान होत नाहीं. एकाला सूट मिळाली कीं थांबणारा मूर्ख ठरतो. डिसेंबरांतील सुटीविषयीं आमचा खरा आक्षेप हा आहे. ज्या कंपन्यांनीं अगोदरच वैमानिक वाढवून ठेवले, त्यांच्या दूरदृष्टीचा खर्च त्यांच्या माथीं राहिला. जिनें ठेवले नाहींत, तिला सवलत मिळाली, आणि ती मागणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज तिच्याच अडकलेल्या प्रवाशांचा होता. कळत नकळत आपण प्रवासी तिचे वकील झालों.

आतां दुसरी बाजू. ती हलकी नाहीं. विश्रांति वाढली कीं वैमानिक अधिक लागतात, वैमानिक अधिक लागले कीं खर्च वाढतो, आणि खर्च वाढला कीं मुंबई-दिल्लीचें विमान बंद होत नाहीं. बंद होतें तें लहान गांवाचें. सिंधुदुर्गांत चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला मोठ्या थाटानें उघडला, पण तेथील सेवा कधीं चालली, कधीं थांबली. गोव्यांतील फ्लाय-९१ कंपनीनें मार्च २०२४ पासून लहान, पंख्यांचीं विमानें घेऊन सिंधुदुर्ग, जळगांव अशीं ठिकाणें जोडावयास आरंभ केला. अशा मार्गांवर नफ्याची कड फार बारीक असते. शिवाय विमान रद्द झालें म्हणजे माणूस घरीं बसतोच असें नाहीं. तो मुंबई-गोवा रस्त्यानें रात्रींची मोटार करतो, आणि त्या मोटारीच्या चालकाच्या झोंपेचे तास कोणीच मोजलेले नसतात. तेव्हां आकाशांतील सुरक्षितता वाढवून आपण रस्त्यावरील मरण वाढवीत नाहीं ना, हा प्रश्न खोटा म्हणून उडवून लावतां येणार नाहीं.

तरी या प्रश्नाचें उत्तर वैमानिकाला जागें ठेवणें हें नव्हे. अमेरिकेंत १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीं बफेलो शहराजवळ लहान पल्ल्याचें एक विमान पडून ५० माणसें मेलीं. सहवैमानिक मुलगी आदल्या रात्रीं दुसऱ्या विमानांतून सारा खंड ओलांडून कामावर आली होती. लहान शहरें जोडणाऱ्या त्या कंपनींत तिचा पगार अगदीं बेताचा होता. स्वस्त तिकिटाचा कांहीं भाग तिच्या झोंपेंतून वसूल होत होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मेलेल्यांच्या आप्तांनीं वॉशिंग्टनचे उंबरठे झिजविले, तेव्हां २०१० सालीं कायदा झाला आणि २०१४ पासून नवे विश्रांतिनियम चालूं झाले. लहान गांवच्या प्रवाशाला विमान हवें, हें खरें. पण म्हणून त्यानें मुंबईच्या प्रवाशापेक्षां अधिक थकलेला वैमानिक पत्करावा, हा न्याय कोठला?

सरकार 'उडान' योजनेखालीं, जिचें पहिलें विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याहून दिल्लीस गेलें, अशा मार्गांचा तोटा कांहीं अंशीं भरून देतें. म्हणजे कोंकणच्या किंवा खानदेशच्या प्रवाशाचें भाडें अंशतः सारा समाज भरतो, आणि तें आम्हांला योग्य वाटतें. मग त्याच हिशेबांत राखीव वैमानिकांचा पगारही धरावा. मार्ग देतांना कोण किती कमी अनुदान मागतो एवढ्यावरच न थांबतां, एक वैमानिक आजारी पडला आणि दुसऱ्याचे तास भरले तर तिसरा कोठें आहे, हें कागदोपत्रीं विचारावें, व तो नसेल तर मार्ग देऊं नये. राहिला प्रवाशाचा वाटा. तिकिटामागें शेंदोनशें रुपये अधिक पडतील, एखाद्या दिवाळींत हवें तें विमान मिळणार नाहीं, आणि कधीं रात्रीं अकरा वाजतां "वैमानिकाचे तास भरले, विमान सकाळीं निघेल" अशी घोषणा ऐकावी लागेल. त्या वेळीं खिडकीपाशीं जाऊन आपण जाब विचारावा, पण तो तिसरा वैमानिक कां ठेवला नाहीं याचा. निजावयास गेलेल्या माणसाला उठवून आणा, असें म्हणूं नये.